कौसे, चहा टाक

गळ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि घरच्यांपासून तोंड लपवून ओसरीवर बसून राह्यलाय, अशा माणसासाठी हे लिहितो. डॉक्टर काय करणार ते डॉक्टर सांगतीलच. ते काय सांगत नाहीत, ते मी सांगतो.

मी पिंपळगाव रेणुकाईचा. जनावरांची दलाली हा माझा धंदा. म्हणजे तोंडावर चालणारा धंदा. खोंडाचं कौतुक असं करायचं की मालकालाच वाटावं, अरे, विकतो कशाला! पण भाव मात्र तोंडानं बोलायचा नसतो. भाव उपरण्याखाली. घेणारा आणि दलाल उपरण्याच्या आडोशाला हातात हात घालतात, बोटं दाबतात, आणि सौदा पक्का होतो. बाजूला उभा असलेल्याला कळत नाही काय ठरलं. भोकरदनच्या बाजारात आयुष्य गेलं माझं. वर तोंडाची टकळी आणि खाली बोटांचा भाव.

बाजार उरकून घरी येताना गल्लीच्या वळणावर मारुतीचा पार लागतो. तिथूनच मी हाक मारायचो, "कौसे, चहा टाक!"

कौसा माझी बायको. घर पाराजवळ असतं तर ठीक, पण चांगली दहा-बारा घरं मधे. तरी हाक थेट चुलीपर्यंत. पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, "उत्तमराव आले, चहाची येळ झाली." मी दारात टेकेपर्यंत दोन कप तयार. एक माझा, एक तिचा. मंग तिची कटकट सुरू. साखर संपली, गजाननचा फोन नाही, तुम्ही कुठं उलथला होतात. आणि मी तिच्यावर चढ्या आवाजात. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आज काडीमोडच. आमचं ते रोजचं सुख होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गाठ

आवाज बसला तेव्हा मी बाजाराच्या धुरळ्याला शिव्या दिल्या. कौसानं हळद-गूळ दिला, ज्येष्ठमध दिला, गावच्या रेणुकाई देवीचा, आमच्या आईचा अंगारा लावला. महिने गेले, आवाज काही उठेना. फाटक्या पत्र्यावानी वाजायला लागला. गजानन, आमचा मुलगा, जालन्याला कारखान्यात आहे. तो एका सुट्टीला आला, माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "आण्णा, चला. आत्ताच्या आत्ता."

संभाजीनगरच्या दवाखान्यात नाकातून नळी घालून बघितलं. डॉक्टर पोरगेलासा होता. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजायचं, काहीतरी वाईट आहे.

"काका, स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ आहे. जीव वाचेल. पण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास गळ्याच्या भोकातून घ्यावा लागेल."

"आन् बोलायचं कुठून?"

त्यानं हातातली फाईल मिटली. मंग म्हणाला, "आधी जगा, काका."

मी म्हणालो, "डॉक्टर, मी बोललो न्हाई तर मी जगून राह्यलो हे माझ्या घरी पटायचं कसं?" तो हसला. गजानन हसला नाही. जिन्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची भीती होती का? होती. पण त्याहून मोठी दुसरी होती. मुकं होऊन त्या घरात बसायचं, आणि समोर कौसा.

ऑपरेशनला नेताना कौसा ढकलगाडीसोबत चालून राह्यली होती. दारापाशी सिस्टरनं तिला थांबवलं. कौसा म्हणाली, "आवं, काहीतरी बोला की."

किती गोष्टी बोलता आल्या असत्या. मी म्हणालो, "म्हशीला पेंड घालायला सांग कुणाला तरी."

ते माझं शेवटचं वाक्य. उभा जन्म बडबड करण्यात गेला आणि शेवटचं बोलणं म्हशीच्या वाट्याला गेलं. तुमचं ऑपरेशन ठरलं असेल तर एवढं ऐका. आधी ठरवून ठेवा काय बोलायचं ते.

चादरीखालचा सौदा

जाग आली तेव्हा ओरडायला गेलो. तोंड उघडलं, छाती भरली, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा निघाली. त्या वेळेचं दुसरं काही सांगत नाही. तुम्हाला ते कळेल तेव्हा घाबरू नका, एवढंच. सगळ्यांचं तसंच होतं.

वार्डात दिवस म्हणजे नळी साफ करणं, नाकातल्या नळीतून दूध, डॉक्टरांचा राउंड, आणि मंग पंखा बघत पडणं. कौसाला घरची जनावरं सोडून राहता येईना, ती येऊन-जाऊन. गजाननची रजा संपत आल्ती. शेजारच्या खाटेवर केदारखेड्याचे लक्ष्मणतात्या होते. त्यांचंही ऑपरेशन माझंच. दोघंही मुके. एकमेकांकडं बघायचं आणि मान हलवायची.

एका दुपारी तात्यांनी आपली खाट सोडली, माझ्या खाटेवर येऊन बसले आणि माझ्या चादरीखाली हात घातला. माझा हात पकडला. दोन बोटं दाबली. मी चमकलोच. हा तर बाजारातला गडी! त्यांनी डोळ्यानं खिडकीकडं दाखवलं. खाली दवाखान्याच्या आवारात एक मोकाट गाय फिरून राह्यली होती. तात्या तिचा भाव लावत होते.

मी त्यांचं एक बोट सोडवलं आणि कमी भाव दिला. त्यांनी कपाळाला हात लावला. मंग आम्ही रोजच सौदे करायला लागलो. गाय विकली, पंखा विकला, राउंडवरच्या मोठ्या डॉक्टरचाही भाव काढला. तात्यांनी फार कमी सांगितला. हसून हसून माझ्या टाक्यांना कळ लागली. सिस्टर ओरडली, "काका, चादरीखाली काय चाललंय तुमचं?"

पण एक दिवस तात्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्यांचा हात धरला. विचारायचं होतं, दुखतंय का? घरची आठवण आली का? बोटांनी काय विचारणार? उपरण्याखालच्या भाषेत फक्त भाव आहे. दुखणं नाही, आठवण नाही. मी नुसता हात धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तात्यांना घरी सोडलं. पुढं त्यांची माझी गाठ पडली नाही. अजून वाटतं, ते एवढंच विचारायचं राहिलं.

घर

घरी आलो, आणि खरं आजारपण तिथं सुरू झालं.

दवाखान्यानं दिलेलं गळ्याला लावून बोलायचं यंत्र मी एकदा लावलं. त्यातून जो आवाज निघाला त्यानं म्हैस बिथरली आणि कौसानं कानावर हात ठेवले. "बंद करा ते! त्ये तुम्ही न्हाई." बोलण्यासाठी गळ्यात बसवायचं एक बटण असतं, ते किरणांच्या शेकानंतर माझ्या गळ्याला मानवलं नाही. कुणाला मानवतं बरं का, तुम्ही हिंमत सोडू नका.

मंग पाटी आणली. पण कौसाला वाचता येत नाही. मी चिडून खुणा करायचो, ती भलतंच आणायची. पाणी मागितलं तर कंगवा. एकदा मला फार भरून आलं, म्हणून मी पाटीवर लिहिलं, "दवाखान्यात तुझ्याशिवाय करमत नव्हतं." कौसानं पाटी उचलली आणि तरातरा निघाली शेजारी, त्यांच्या सुनबाईकडून वाचून घ्यायला. परत आली ती पदर तोंडात घालून. "मेलं, म्हातारपणी काय लिवून राह्यला तुम्ही! सारी गल्ली हसली." चार दिवस मी पाटीला हात लावला नाही.

गजाननला वाटलं, आण्णांना हाक मारता येत नाही, म्हणून त्यानं बैलाच्या गळ्यातली घंटी माझ्या खाटेला बांधली. मी वाजवली. कौसा कमरेवर हात ठेवून दारात आली. "मी गाय हाय का घंटी वाजल्यावर यायला?" घंटी काढली आणि गोठ्यात नेऊन टाकली.

त्यानंतर घरात शांतता पसरली. ती भांडतसुद्धा नव्हती. एकटीनं किती भांडणार? आणि एक गोष्ट मला खुपत होती. चहा. चहा ती करायची, पण एकच कप. माझ्यापुढं ठेवायची आणि पाठ फिरवून गोठ्यात जायची. मला वाटलं, कंटाळली. मुक्या माणसासमोर बसून चहा प्यायला कुणाला गोड लागेल? मी पारावर जाणंही सोडलं. गजाननच्या मोबाईलात माझ्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग आहे, कुणाच्या तरी लग्नातलं, बँडच्या गोंगाटात. एकदा त्यानं लावलं, तर कौसा उठून गेली.

त्या दिवसांत मला काय हवं होतं, सांगू? जगणं तर मिळालं होतं. मला कौसाशी कडाकडा भांडायचं होतं.

मस्तगड

तपासणीला गेलो तेव्हा वार्डातल्या त्याच सिस्टरनं सांगितलं, जालन्यात मस्तगडला एक मॅडम हातानं बोलायची भाषा शिकवतात. खुणांची भाषा. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांची.

कौसा ऐकूनच भडकली. "आवाज येणार हाय तुमचा. आईला साकडं घातलंय मी. आन् हे शिकायचं म्हणजे येणार न्हाई असं आपुनच म्हणल्यासारखं व्हतं. तुम्ही काय मुके हाव का?"

मी मान हलवली. हो. ती रडली. पण मला एकट्याला एसटीत बसवायला तिचा जीव होईना. भोकात धूळ गेली तर? म्हणून सोबत आली. "मी दारात बसंल. मी न्हाई शिकणार, बिलकुल न्हाई."

वैशाली मॅडम तिशीच्या आतल्या. स्वतःला ऐकू येत नाही. एका दुकानाच्या वरच्या खोलीत, रविवारी क्लास. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, "का शिकायचंय?" आणि एकेकाला उठवलं. एक बाई भोकरदनकडची, तिची लेक ऐकू न येणारी. ती म्हणाली, "लेकीला कशाचं भ्या वाटतं, ते मला कळत न्हाई." मॅडमला कळावं म्हणून दुसऱ्यानं ते फळ्यावर लिहिलं. एक मेडिकलवाला होता, त्याच्या दुकानातून ऐकू न येणारी माणसं गोळ्या चुकीच्या घेऊन जायची. एका पोरीचं लग्न अशाच मुलाशी ठरलं होतं. ती लाजत म्हणाली, "त्याचे दोस्त हातानं जोक सांगून हसतात. मला पण बराबर त्याच येळी हसायचंय."

माझी पाळी आली. मी खडू घेतला आणि लिहिलं, "बायकोशी भांडायला."

सगळे हसले. मॅडमही. दारात बसलेली कौसा विचारत राहिली, "काय लिवलं? काय लिवलं?" कुणी सांगितलं नाही.

शिकायला बोटं चपळ होती माझी, बाजारातली. पण एक खोड जाता जाईना. हात उचलले की ते आपोआप उपरण्याखाली जायचे. गळ्याचं भोक झाकायला उपरणं कायम अंगावर, आणि उभ्या जन्माची सवय, की हातानं बोलायचं ते झाकूनच. मी उपरण्याखाली अगदी बरोबर खुणा करायचो आणि मॅडमकडं बघायचो, की झालं ना? त्या डोळे मोठे करून बघायच्या. मेडिकलवाला म्हणाला, "काका, मॅडमला काय एक्स-रे दिसतो का?"

एक दिवस मॅडमनी माझं उपरणं ओढून काढलं आणि खुंटीला टांगलं. फळ्यावर लिहिलं, "लपवून बोलायचं असेल तर बाजारात जा. इथं हात उजेडात." गळ्याला त्यांनी जाळीचा छोटा रुमाल बांधून दिला. मला उघडं पडल्यासारखं झालं. चारचौघांत मुक्यासारखे हात करायची लाज होती ती. उपरण्याखाली हात असले की मी दलाल होतो. बाहेर काढले की मुका.

या भाषेत माणसाचं नाव अक्षर जोडून घेत नाहीत. माणसाची एखादी खूण असते, तेच नाव. मॅडमनी विचारलं, बायकोचं नाव काय ठेवणार? मला विचार करावा लागला नाही. कौसाच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. लग्नात मी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं ते तिथंच. मी बोटानं हनुवटीवर तीनदा टेकवलं. मॅडमनी दाराकडं बघितलं, कौसाची हनुवटी बघितली, आणि मान डोलवली. कौसानं तोंड फिरवलं.

मंग तो रविवार आला. मधल्या सुट्टीत खालच्या हॉटेलातून चहा यायचा. मी खिडकीपाशी मेडिकलवाल्याशी खुणा घोटत होतो. मॅडम चहाचा ग्लास घेऊन दारात गेल्या, कौसापाशी. कौसानं हातानं नको म्हटलं. मॅडमनी पुन्हा पुढं केला. पुन्हा नको. मॅडमनी हात उलगडून विचारलं, का?

कौसानं इकडंतिकडं बघितलं. तिला वाटलं, कुणी बघत नाही. आणि ती बोलायला लागली. हातानं.

आधी तिनं माझ्याकडं बोट केलं. मंग हात तोंडाशी आडवा धरला, लांब हाक मारताना धरतात तसा. मंग गळ्यावर हात ठेवून, बोटं झटकून दाखवलं, गेली. मंग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आईला. मंग हाताचाच कप करून ओठाशी नेला आणि बाजूला सारला. परत हात तोंडाशी, हाक. आणि मंग कप, आणि मान हलवून, हो.

यांची हाक येईल, तेव्हा मी चहा पिईन.

एवढे महिने! चहाशिवाय जिचा दिवस उगवत नव्हता, ती माझ्यापुढं कप ठेवून गोठ्यात जात होती ती कंटाळून नाही. मी भिंतीला टेकलो. रडायलासुद्धा आवाज लागतो हो. माझं रडणं गळ्याच्या भोकातून नुसतं फसफसलं. कौसानं बघितलं, पदरात हात लपवले, आणि एसटीत बसेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

मॅडमचं एक वाक्यही तिनं दारात बसून वाया जाऊ दिलं नव्हतं.

पार

आवाज येणार नव्हता. ते मला ठाऊक होतं, डॉक्टरला ठाऊक होतं. कौसाला पण ठाऊक होतं, म्हणूनच तर साकडं. आता ती जन्मभर चहा पिणार नव्हती. जिद्दीची बाई ती, मी ओळखतो.

पुढच्या आठवड्यात मी भोकरदनच्या बाजारात गेलो. आजारपणानंतर पहिल्यांदा. लोकांनी गळामिठी मारली. एका जोडीचा सौदाही जमवला. त्याला आवाज लागत नाही, उपरणं लागतं. घरी परतताना वळणावर आलो तेव्हा उन्हं कलली होती. पारावर नेहमीची मंडळी. त्यांनी हात केले. आणि दहा-बारा घरं पलीकडं कौसा ओट्यावर लसूण सोलत बसली होती, मान खाली घालून.

मी उभा राहिलो. छाती जुन्या सवयीनं भरून आली. कौसे. नुसती हवा.

आता करायचं काय? हातानं हाक मारायची तर तिनं बघायला पाहिजे. आणि ती तर बघेना. मी हात वर केला, आणि हात आपोआप उपरण्याखाली गेला. पारावरची नजर माझ्या पाठीला टोचून राह्यली होती. उद्या गावभर होईल, उत्तमराव मुक्यासारखे हातवारे करतात. मी पाय आपटला. कुत्रं भुंकलं, कौसानं वर बघितलं नाही.

मंग मी उपरणं खांद्यावरून काढलं. गळ्याचा जाळीचा रुमाल उघडा पडला. पडू दे. उपरणं डोक्यावर धरून गरागरा फिरवलं, बाजारात बुजरं जनावर वळवतात तसं. पारावर कुणीतरी म्हणालं, "काय झालं वो उत्तमरावला?"

कौसानं मान वर केली.

मी उपरणं खाली टाकलं. दोन्ही हात मोकळे. बोट हनुवटीवर टेकवलं. एक, दोन, तीन. आणि हाताचा कप ओठाला लावला.

कौसे, चहा टाक.

ती उठली. मांडीवरचा लसूण सगळा खाली सांडला. मला वाटलं, आता पदर तोंडावर घेऊन आत पळणार, साऱ्या गल्लीदेखत शोभा केली म्हणून. ती उभीच राहिली. मंग तिनं हात वर केला, आणि तोंडाशी आडवा धरला. हाक मारणारा, म्हणजे मी. लग्नातल्या उखाण्यानंतर या बाईनं कधी माझं नाव घेतलं नव्हतं. तिच्या आईनं, तिच्या आजीनं नवऱ्याचं घेतलं नाही. तिनं पारासमोर, भर उजेडात, हातानं माझं नाव घेतलं.

मंग मात्र हात थांबेनात तिचे. सूर्याकडं बोट, माझ्याकडं बोट, कमरेवर हात. इतका उशीर? कुठं उलथला होतात? मी पण दुरूनच हात फेकले. पारावरची मंडळी कधी इकडं, कधी तिकडं बघून राह्यली.

घरात शिरलो तेव्हा चुलीवर आधण उकळत होतं आणि शेजारी दोन कप होते.

तिनं कप हातात घेतला, पण प्याली नाही. नुसती वाफ बघत बसली. मी खूण केली, पी की. ती तोंडानं हळूच म्हणाली, "आईला चालंल ना वो? ही हाक हाय ना?"

देवीचं मला काय ठाऊक?

तिनं कप जमिनीवर ठेवला, पदरानं डोळे पुसले, आणि हातानं म्हणाली, अजून एकदा हाक मारा.

मी हनुवटीवर बोट टेकवलं.